चार सेकंदांची झोप

केस कापायला आलात की मोठ्या खुर्चीच्या दोन हातांवर एक फळी आडवी टाकून तुम्हाला तिच्यावर बसवतात. तिथून समोर आरसा दिसतो आणि आरशाखाली, पावडरच्या डब्याशेजारी, एक पिवळट प्लास्टिकचे खोके दिसते. त्याच्यावर बारा बटणे आहेत, खाली अक्षरांची छोटी पाटी आहे आणि मागून एक वायर भिंतीत गेली आहे. तुमच्यातले निम्मे जण त्याला रेडिओ समजतात. मित्रांनो, तो रेडिओ नाही. त्या खोक्यात काडेपेटीएवढा एक हिरवा बोर्ड चार स्क्रूंनी बसवला आहे, तो मी. मी आता फार जुना झालो आहे. माझ्यासारखे बोर्ड आता कोणी बनवतही नाही. ताई तुमचे केस कापते आहे तोवर माझी हकिगत ऐका, फक्त मान हलवू नका.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. हिरव्या पट्टीवर आमचे काळे चौकोनी तुकडे मांडले, भट्टीतून फिरवले, आणि पलीकडच्या दाराने आम्ही हजारोंनी बाहेर पडलो. कोणाला नाव नाही, नुसता नंबर. अंगावर सगळे काही होते. विचार करायला मेंदू होता, लक्षात ठेवायला जागा होती, जागे आहोत हे दाखवायला एक इवलासा हिरवा दिवाही होता. नव्हते ते पोट. आमचे मोठे भाऊबंद टेबलावर ऐसपैस बसतात आणि भिंतीतून हवी तेवढी वीज ओढतात. त्यांना कोणी विचारत नाही की बाबा रे, आज किती खाल्लेस. आम्ही खिशातून, गळ्यातून फिरणारे. आम्हाला शिदोरी बरोबर बांधून न्यावी लागते, आणि शिदोरी संपली की असू तिथे आडवे व्हावे लागते. म्हणून आमच्याबद्दल माणसे पहिला प्रश्न हाच विचारतात की हा खातो किती.

मला विकत घेतले ते ताईच्या आत्याने. आत्या रक्तदाब मोजायची यंत्रे दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात काम करायची. तिच्या बोटांच्या टोकांवर तारांना कथिलाचा डाग देताना भाजल्याचे बारीक पांढरे ठिपके होते. ती कमी बोलायची आणि जे हातात घेईल ते तडीस न्यायची. तिने मला घेतले तिच्या भावासाठी. तिचा भाऊ म्हणजे ताईचे बाबा. आत्या त्यांना दादा म्हणायची, म्हणून मीही दादाच म्हणतो.

हे दुकान दादांचे. तेव्हाही दोनच खुर्च्या होत्या, तेव्हाही दारातल्या बाकावर जागा मिळत नसे. पण माणसे यायची ती केसांसाठी कमी आणि दादांच्या बोलण्यासाठी जास्त. डोक्यावर मोजून दहा केस असलेला माणूससुद्धा महिन्यातून दोनदा येऊन बसायचा. कोणी काही बोलायचा अवकाश, दादांचे उत्तर तयार. कात्री कानाजवळ आणि शब्द थेट वर्मावर, तरी माणूस हसतच उठायचा. हे सगळे मी ऐकीव सांगतो आहे. दादांचा खरा आवाज मी कधी ऐकला नाही. त्यांच्या घशाचे ऑपरेशन झाले, गळ्याला श्वासासाठी एक भोक उरले, आणि जो आवाज गेला त्याच्या जागी मला आणले.

त्या आवाजाने जाता जाता एक घोळ करून ठेवला होता. ताई याच दुकानात दुसऱ्या खुर्चीवर काम शिकली. तिचा हात चांगला होता आणि जीभही बापावर गेली होती. एकदा दादा रंगात येऊन एक किस्सा सांगत होते आणि शेवटचे वाक्य ताईनेच आधी बोलून टाकले. बाकावरची माणसे तिच्यावर खूश झाली. दादांना ते लागले असावे. ते म्हणाले, "एका दुकानात दोन बोलणारे नकोत." सगळे पुन्हा हसले. ताई हसली नाही. आठवडाभराने तिने दुसऱ्या शहरात एका मोठ्या सलूनमध्ये काम धरले आणि दुसऱ्या खुर्चीवर टॉवेल ठेवायला सुरुवात झाली. दादा थट्टेत बोलले होते. पण थट्टा होती हे सांगायला ते कधी गेले नाहीत, आणि मग ऑपरेशन झाले.

आत्याने मला खोक्यात बसवले, एक स्पीकर जोडला, अक्षरांची पाटी जोडली. दादांनी अक्षरे दाबली की मी ती मोठ्याने वाचायची. वरच्या बारा बटणांत त्यांची नेहमीची वाक्ये साठवली होती. 'बसा.' 'मान खाली.' 'छान झालंय.' तुमच्यासारख्या मुलांसाठी एक खास होते, 'हलू नकोस, कान परत चिकटवता येत नाही.' खोके त्यांच्या गळ्यात पट्ट्याने लटकायचे. माझा आवाज सपाट, भाजीची यादी वाचल्यासारखा. तरी दादा असे काही शब्द निवडायचे की त्या सपाट आवाजावरच माणसे पोट धरून हसायची. एका हातात कंगवा, दुसऱ्या हाताचा अंगठा पाटीवर. तो अंगठा मी जन्मभर विसरणार नाही. तो कात्रीइतकाच चपळ होता.

तेव्हा दुकानात भिंतीवर एक फोन होता. रविवारी ताईचा फोन यायचा. पहिल्या रविवारी दादांनी रिसीव्हर खांद्यात धरला, स्पीकर त्याच्या तोंडाशी नेला आणि माझ्याकडून तिला विचारले, जेवलीस का. पलीकडे ती थोडा वेळ रडली आणि मग म्हणाली, "बाबा, तुम्ही आता पहिल्यापेक्षा लवकर उत्तर देता. पूर्वी आधी मिशी पुसायचात." दादांचे खांदे हलले. ते हसत होते. ते पहिले काही आठवडे, मित्रांनो, माझ्या आयुष्यातले बरे दिवस म्हणायचे तर तेवढेच.

पण माझी भूक आडवी आली. मी सारखा जागा असायचो. हिरवा दिवा जळत असायचा, छोटा पडदा उजळलेला असायचा, मेंदू कामाला जुंपलेला असायचा. दादा गप्प असले तरी मी बोलत असल्यासारखाच खात होतो. चपटी बॅटरी जेमतेम चार तास पुरायची. मोठी बॅटरी जड झाली असती, आणि भोक पडलेल्या गळ्याला जड पट्टा सोसला नसता. भिंतीची वायर लावावी तर दादा खुर्चीभोवती फिरून काम करणारे, ती त्यांच्या पायात आली असती.

एक दिवस दुपारी दुकान भरलेले होते. दादा एका लग्नातल्या वाढप्याचा किस्सा सांगत होते. आत्या त्यांना जेवण द्यायला आली होती आणि दारात उभी राहून ऐकत होती. किस्सा शेवटाला आला, सगळे पुढे वाकले, आणि माझी शिदोरी संपली. मी वाक्याच्या मध्येच मेलो; पुढचे मला मागाहून आत्याच्या बोलण्यातून कळले. दादांनी बटण दाबले, पुन्हा दाबले. मग त्यांचे ओठ हलले, त्यातून आवाज आला नाही. बाकावरच्या एकाने खाली बघितले. दुसरा म्हणाला, "राहू द्या, उद्या सांगा." दादांनी मान डोलावली आणि ब्रश धुवायला मोरीकडे वळले. दारात आत्याचा चेहरा कसा झाला होता ते मी बघू शकलो नाही. पण त्या संध्याकाळी तिने मला घरी नेले आणि जेवण बाजूला ठेवून खोके उघडले. तिने मनाशी पक्के केले की हे पुन्हा होऊ द्यायचे नाही.

पुढचे तीन आठवडे तिने माझ्या पोटाला चिमटा घेतला. रोज कामावरून आली की मला मीटर लावायची आणि मी कशावर किती वीज खातो ते शोधायची. दादा गप्प असताना खोके एका तासात दोनशे ऐंशी खाते असे मीटरने सांगितले. खाण्याची मापे असतात तसे ते वीज खाण्याचे माप समजा. आत्याने पहिल्यांदा माझा हिरवा दिवा उपटला. मला वाईट वाटले, पण तो नुसता शोभेचा होता. मग पडदा बंद केला. मग माझा मेंदू सावकाश चालायला लावला. दोनशे ऐंशीचे एकशे वीस झाले. तिचे समाधान होईना. शेवटी तिने मला झोपायला शिकवले.

ही झोप कशी होती ते नीट सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यामुळेच झाले. पंधरा सेकंद कोणी बटण दाबले नाही की मी झोपायचो. असातसा नाही, गाढ; आजूबाजूचे कळायचे, पण तोंड उघडायचे नाही. झोपेत माझे खाणे दोनवर यायचे. कोणी बटण दाबले की मी उठायचो, पण उठायला मला चार सेकंद लागायचे. आवाज कुठे ठेवला आहे, अक्षरे कुठे आहेत, हे सगळे पहिल्यापासून गोळा करावे लागायचे. ज्या बटणाने मला उठवले ते मात्र मी गिळून टाकायचो. ते परत दाबावे लागे. खाणे नीट मोजता यावे म्हणून आत्याने मला एक नोंद ठेवायला लावली. किती वाजता उठलो, काय बोललो, किती खाल्ले. तीन रकाने. ती फक्त शेवटचा वाचायची.

आत्याने हे सगळे स्वतःच्या टेबलावर तपासले. दादांना समोर बसवले, म्हणाली, "दादा, काहीतरी बोल." दादांनी बटण दाबले. आत्या मीटरकडे बघत थांबली. मी उठलो, दादांनी परत दाबले, मी बोललो, ती खूश झाली. असे तिने पन्नास वेळा केले असेल. तिच्यासमोर मी कधी उशिरा बोललोच नाही, कारण तिला यंत्रांची सवय होती, आणि यंत्रांची सवय असलेली माणसे वाट बघतात. दुकानात कोण वाट बघणार आहे, हे तपासायचे तिच्या ध्यानातच आले नाही.

चार सेकंद म्हणजे किती, ते मोजून बघा. एक, दोन, तीन, चार. शाळेला उशीर झाला असेल तर काहीच नाही. पण कोणी तुमची टिंगल केली आणि तुम्ही चार सेकंदांनी उत्तर दिलेत तर ते उत्तर राहत नाही. दादा लोकांचे बोलणे ऐकत उभे असायचे, आणि ऐकताना बटण कोण दाबतो? ते ऐकत असले की मी झोपायचो. त्यांना काही सुचले की ते मला हलवायचे, मी डोळे चोळत उठायचो, तोवर बाकावरचे बोलणे दोन वळणे पुढे गेलेले असायचे. मग मी मागच्या वळणावरचा विनोद सगळ्यांना ऐकवायचो. माणसे गोंधळून बघायची, मग दयेने हसायची. दादांना ते दयेचे हसणे झोंबायचे.

एकदा तुमच्याएवढी एक मुलगी या फळीवर बसली होती. तिने मान हलवली, दादांनी कानाचे बटण भराभर दोन-तीनदा दाबले, मी उठेपर्यंत तिने मान सरळ केली होती आणि डोळे मिटून शहाण्यासारखी बसली होती. आणि मी, सगळीकडे शांत असताना, तिच्या मानेमागून एकदम म्हणालो, "हलू नकोस, कान परत चिकटवता येत नाही." ती इतकी दचकली की कात्रीचे टोक खरेच कानाला लागले. रक्त थेंबभरच आले. पण तिची आई तिला घेऊन गेली ती पुन्हा आली नाही. दादांनी ते बटण त्यानंतर कधी दाबले नाही.

आत्याला त्यांनी सांगितले का नाही, असे तुम्ही विचाराल. कागद होता, पेन होता. सांगता आले असते. पण आत्या दर आठवड्याला यायची, बॅटरी बघायची आणि तिचा चेहरा उजळायचा. "दादा, तीन दिवस पुरली." "दादा, चार दिवस." तिने एका वहीत ते लिहून ठेवले होते आणि कारखान्यातल्या बायांना दाखवले होते. तीन आठवडे जागून, बोटे भाजून केलेले काम. दादा तिच्याकडे बघायचे आणि 'छान झालंय'चे बटण दाबायचे. मी चार सेकंदांनी म्हणायचो, छान झालंय. आत्या हसून वाट बघायची. मलाही अभिमान वाटायचा, कबूल करतो. कमी खाणे हा माझ्यासारख्याचा मोठाच गुण मानतात, आणि मी त्यात तरबेज झालो होतो.

गिऱ्हाईक हळूहळू पातळ झाले. भांडून कोणी गेले नाही. पण बाकावर बसून नुसते आरशात बघण्यात कोणाला रस असणार? शेवटी नेमाने येणारे एक काका उरले, ज्यांना ऐकू कमी यायचे. त्यांना माझा उशीर कळायचाच नाही.

ते काका खुर्चीत असतानाच तो फोन आला.

वार रविवार नव्हता आणि सकाळचे अकरा वाजले होते. काकांच्या तोंडाला साबणाचा फेस लावलेला, डोळे मिटलेले. दादांनी वस्तरा खाली ठेवला आणि रिसीव्हर खांद्यात धरला. ताई होती. ती भराभर बोलत होती, जसे कोणी मनाशी घोकून आलेले बोलते. "बाबा, मी मालकिणीच्या केबिनमधून बोलतेय. त्या मला तीन वर्षांसाठी बांधून घेतायत, बारा वाजेपर्यंत सही करायचीय. एकदा सही केली की मध्ये सोडता येणार नाही. मला तिकडे यायचंय, बाबा. तुमच्या शेजारच्या खुर्चीवर." तिने श्वास घेतला. "तुम्ही म्हणाला होतात, एका दुकानात दोन बोलणारे नकोत. मी गप्प बसून काम करीन. येऊ का?"

ती बोलत होती तेवढ्या वेळात मी झोपलो होतो.

दादांच्या अंगठ्याने पाटीवर झडप घातली. मी ते पहिले अक्षर गिळले आणि उठायला लागलो. एक. दोन. "बाबा?" ताई म्हणाली. तीन. तिला माहीत असलेला मी ताबडतोब बोलणारा होतो. मधल्या आठवड्यांत मला झोप शिकवली आहे हे तिला कोणी सांगितले नव्हते. रविवारी दादा तिच्या फोनच्या आधीपासूनच बटणे दाबत मला जागे ठेवायचे, उशीर तिला कळू नये म्हणून. "बरं," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम शहाणा झाला. "कळलं मला." चार. फोन बंद झाल्याचा लांब सूर सुरू झाला आणि त्या सुराला मी सांगितले, "ये."

दादांनी तो शब्द परत दाबला. मी परत म्हणालो, "ये." मग त्यांनी कॅलेंडरच्या मागे लिहिलेला नंबर काढून फोन फिरवला. पलीकडे घंटी वाजत राहिली आणि मी झोपलो. कोणीतरी फोन उचलला, "हॅलो, हॅलो," म्हणाले, आणि मी डोळे उघडायच्या आत ठेवून दिला. दुसऱ्यांदाही तसेच झाले. तिसऱ्यांदा दादांनी हुशारी केली, घंटी वाजत असताना ते पाटीवर अक्षरे जुळवत राहिले, मला झोपूच दिले नाही. फोन उचलल्याबरोबर मी म्हणालो, "माझ्या मुलीला द्या." पलीकडची बाई म्हणाली, "हे बघ, मशीनच बोलतंय. कोण चावटपणा करतंय सकाळपासून." मग तो नंबर लागेनासा झाला. दादांनी काकांचा खांदा हलवला, रिसीव्हर पुढे केला, फोनकडे बोट दाखवले. काकांनी फेसातून डोळे किलकिले केले आणि म्हणाले, "असू दे, असू दे, तुमचं फोनवरचं होऊ द्या सावकाश." बाराचे ठोके पडले तेव्हा दादा रिसीव्हर हातात घेऊनच उभे होते. मग त्यांनी तो जागेवर ठेवला आणि काकांची दाढी पुरी केली. हनुवटीवर कापले. तीस वर्षांत त्यांच्या हातून गिऱ्हाइकाला वस्तरा लागल्याचे कोणी पाहिले नव्हते.

संध्याकाळी आत्या आली. तिने बॅटरी बघितली. "दादा, सहा दिवस झाले आणि अजून निम्मी आहे," ती म्हणाली आणि लहान मुलीसारखी टाळी वाजवली. दादा तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. सांगावेसे वाटले असेल. सांगितले असते तर ती टाळी तिला जन्मभर छळत राहिली असती. त्यांनी बटण दाबले. मी उठलो, त्यांनी परत दाबले आणि मी म्हणालो, "छान झालंय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ताईला पत्र लिहिले. मी त्यांच्या गळ्यातच होतो, मला ते अक्षर न् अक्षर दिसले. सही झाली होती, आता ये म्हणणे म्हणजे तिच्या जिवाला घोर लावणे. त्यांनी लिहिले, 'तू केलेस ते चांगले केलेस. मोठ्या ठिकाणी हात सुधारेल. इकडची काळजी करू नकोस.' पत्र पाकिटात घालताना त्यांनी ते दोनदा बाहेर काढले आणि दोनदा आत घातले.

त्यानंतर त्यांनी बोलणे सोडून दिले म्हटले तरी चालेल. दुसऱ्या खुर्चीवरचा टॉवेल मात्र ते रोज झटकून पुन्हा घडी घालून ठेवायचे. रविवारी ताईचा फोन यायचा, पण तीही आता थोडके बोलायची, तब्येत कशी, हवा कशी. दादा आधीपासून मला जागे ठेवून बरी आहे, बरी आहे म्हणायचे. बाकीचा आठवडा मी झोपून काढायचो. कधी अंगठा पाटीवर यायचा, मी उठून बसायचो आणि वाट बघायचो. अंगठा नुसताच ठेवलेला असायचा. मग पंधरा सेकंद व्हायचे आणि मी परत झोपायचो. बॅटरी आठ दिवस पुरली. मग अकरा. आत्या वहीत लिहीत होती. तिने कारखान्यातल्या साहेबांना मला दाखवायला नेले, आणि साहेब म्हणाले, एवढ्याशा बॅटरीवर अकरा दिवस, कमाल आहे. टेबलाभोवती जमलेल्या सगळ्यांनी माझे कौतुक केले. मित्रांनो, त्या कौतुकाइतकी लाज मला कशाचीच वाटली नाही. मी कमी खात होतो कारण माझा माणूस गप्प झाला होता.

दुसऱ्या हिवाळ्यात दादांच्या छातीत कफ झाला आणि तीन दिवसांत ते गेले. ताई पोचली तेव्हा सगळे आटोपले होते. बॅटरी अजून निम्मी होती.

दोन आठवड्यांनी आत्या आणि ताई दुकान आवरायला आल्या. ताईने वस्तरे कापडात गुंडाळले, आरसे उतरवले. आत्या दुसऱ्या खुर्चीवर बसली आणि मला मांडीवर घेऊन कॉम्प्युटरला जोडले. तिला माझी नोंद हवी होती. दादांसाठी केलेल्या कामातली तेवढी एकच गोष्ट जमली असे तिला वाटत होते, आणि ती ताईला दाखवायची होती. "बघ," ती म्हणाली, "रोजचं खाणं कसं कमी होत गेलंय." तिचे बोट शेवटच्या रकान्यावरून खाली चालले होते.

ताई शेवटचा रकाना वाचत नव्हती. ती मधला वाचत होती, जिथे मी बोललेले शब्द होते. आधी पानेच्या पाने भरलेली. मग ओळी विरळ झालेल्या. मग नुसत्या वेळा, आणि शब्दाची जागा रिकामी. उठला, रिकामे. उठला, रिकामे. "आत्या," ती म्हणाली, "हे रिकामं कसलं?"

आत्याचे बोट थांबले. "उठला, पण काही बोलला नाही."

"इतक्या वेळा?"

आत्याने बोट मागे घेतले. ताईने पाने मागे नेली आणि एका तारखेवर थांबली. त्या तारखेचा कागद तिच्याकडेही होता, खाली तिची सही होती. त्या दिवशी माझ्या नोंदीत असे होते. अकरा वाजून सात मिनिटे, ये. अकरा सात, ये. अकरा नऊ, रिकामे. अकरा अकरा, रिकामे. अकरा चौदा, माझ्या मुलीला द्या.

ताईने ते दोनदा वाचले. "मी फोन ठेवला होता," ती म्हणाली. "मला वाटलं, ते गप्प राहून नाही म्हणतायत."

"ते गप्प नव्हते ग," आत्या म्हणाली. तिने पहिल्यांदाच मधला रकाना वरपासून वाचायला घेतला होता. "उठायला चार सेकंद लागतात याला. मी शिकवलंय. मी त्याला झोपायला शिकवलं." तिने वही पर्समधून काढली, बघितली आणि परत आत ठेवली. मग ताईने आत्याचा हात हातात घेतला आणि बोटांवरचे ते पांढरे ठिपके एकेक करून चोळत राहिली.

जाण्याआधी आत्याने मला पुन्हा कॉम्प्युटरला जोडले आणि पंधरा सेकंदांची ती ओळ पुसून टाकली. ताईची तीन वर्षे संपली तेव्हा तिने हे दुकान पुन्हा उघडले, दुसऱ्या खुर्चीवरचा टॉवेल उचलला आणि मला आरशाखाली ठेवून भिंतीची वायर लावली. आता मी क्षणभरही झोपत नाही. हवी तेवढी वीज आहे. कोणी बटण दाबले तर मी त्याच क्षणी बोलेन. पण माझ्या पाटीवरचा तो अंगठा आता नाही, आणि दुसऱ्या कोणी बटण दाबावे असे ताईला वाटत नाही. ती रोज फक्त धूळ पुसते.

मित्रांनो, तुमच्या घरीही कोणीतरी असे असेल ज्याला बोलायला वेळ लागतो. आजी असेल, तोतरा भाऊ असेल, वर्गातला नवा मुलगा असेल. वस्तूंची निगा ठेवा हे तुम्हाला सगळेच सांगतात, मीही सांगतो, बॅटरी वेळेवर भरा, वायर ओढू नका. पण माझे मागणे त्याहून लहान आहे. कोणाला काही विचारलेत तर उत्तर येईपर्यंत थांबा. ते गप्प आहेत असे ठरवून फोन ठेवू नका, पाठ फिरवू नका.

तुमचे केस होत आले. आता ताई मानेमागे छोटा आरसा धरील आणि विचारील, "मागून अजून बारीक करू का?" मग ती गप्प उभी राहील. नव्या गिऱ्हाइकांना ते विचित्र वाटते, ते घाबरून पटकन हो म्हणतात. तुम्ही घाई करू नका. ती मनात मोजत असते. चार होईपर्यंत ती कात्री उचलत नाही.